टेबलावरचा कागद

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती विहिरीकडची खोली. गॅदरिंग, सहली, खो-खोची ढाल, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला बाईंबद्दलच लिहायचं आहे. इतिहासाच्या बाई म्हटलं की आपल्या शाळेत पुढे नाव सांगावं लागत नाही.

नववीच्या पुस्तकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला जेमतेम दोन पानं होती. बाई म्हणायच्या, "लढाई जिंकली, मग? घर चालवायचं कसं, ते कोण सांगणार?" आणि मग पुस्तक मिटून त्या सांगायच्या. तेरा राज्यांचा १७८१ पासूनचा करार इतका सैल होता की मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचाही अधिकार नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचा आणि मिळेल त्यावर भागवायचं. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि आयात मालावरचा कर बारगळला. शेवटी १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात सभा बसली, अमेरिकेचं संविधान लिहिलं गेलं ते तिथेच. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. ऱ्होड आयलंडने तिथेही माणूस पाठवला नाही.

त्याच वर्षी आमच्यात गॅदरिंगवरून जुंपली होती. अ तुकडीत ५८ मुलं, ब मध्ये ५४ आणि आमच्या क मध्ये २१. अ आणि ब म्हणायच्या, मुलं जास्त तर मतं जास्त. आम्ही म्हणायचो, तुकडीला तुकडी सारखी. भांडण बाईंपर्यंत गेलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, याच भांडणात फिलाडेल्फियाचे सात आठवडे गेले." तिन्ही तुकड्यांचे तीन-तीन प्रतिनिधी निवडून त्यांनी विहिरीकडच्या खोलीत सभा भरवली. खिडक्या बंद, दार बंद. तिथेही भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून बसले होते, आतला शब्द बाहेर जायचा नाही असा नियम होता. आम्हालाही तोच नियम. माणसाला आपलं मत बदलायची मोकळीक हवी असेल तर ते आधी गावभर होऊ नये, असं बाईंनी त्याचं कारण सांगितलं होतं. वकिलीत आल्यावर ते मला पुरतं कळलं.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ एक कागद सापडला. गणिताच्या वहीतून फाडलेला. कोण काय बोललं, कोण फुटण्यासारखं आहे, सगळं त्यावर लिहिलेलं. मधल्या सुट्टीत तो साऱ्या ब तुकडीने वाचला आणि मग शिपाईकाकांनी बाईंना नेऊन दिला.

सभा संपताना बाईंनी गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियातही एका सभासदाच्या हातून ठरावांची प्रत खाली पडली. ती वॉशिंग्टनकडे पोचली. दिवसाचं काम आटोपल्यावर ते उठले, निष्काळजीपणाबद्दल सगळ्यांना खडसावलं, कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, हा कोणाचा आहे मला ठाऊक नाही, ज्याचा असेल त्याने उचलावा. नमस्कार केला, टोपी उचलली आणि निघून गेले. जॉर्जियाच्या विल्यम पियर्सने हे लिहून ठेवलंय. आपली प्रत खिशात सापडेना म्हणून तोही घाबरून टेबलापाशी गेला होता. अक्षर दुसऱ्याचं निघालं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. तो कागद मात्र कोणीच उचलला नाही.

एवढं सांगून बाईंनी आमचा कागद टेबलावर ठेवला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. आम्ही नऊ जण बसून होतो. कोणी हललं नाही.

पुढे आमचा तोडगा निघाला, त्यांचा निघाला तसाच. त्यांनी १६ जुलैला अवघ्या एका मताने ठरवलं: खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, सेनेटमध्ये सर्व राज्यं समान, आणि कराची विधेयकं खालच्या सभागृहातच सुरू व्हायची. आम्ही वर्गणीचं मंडळ पटाप्रमाणे केलं, कार्यक्रमाचं तुकडीला दोन-दोन.

बाईंनी त्या सभेची आरती मात्र कधी ओवाळली नाही. प्रतिनिधित्व मोजताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला, आणि 'गुलाम' हा शब्द मूळ संविधानात कुठेही येऊ दिला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्याच तासाला त्यांनी आम्हाला सांगितलं की जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. सही केलेल्या ३९ जणांपेक्षा शेवटपर्यंत बसून सही नाकारणारे तिघे बाईंना जवळचे वाटत. त्यांतल्या जॉर्ज मेसनचं म्हणणं होतं, यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही. १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांनी ती आलीच.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या कोर्टात दिवाणी काम करतो. दोन वेळा वकील संघाचा अध्यक्ष झालो. वाटपाचे दावे घेऊन भाऊ-भाऊ येतात, तेव्हा जमिनीचं नंतर बोलू, आधी कोणाचा शब्द मानायचा ते ठरवा, असं मी सांगतो. हे बाईंचं आहे. मागच्या वर्षी शाळेत आलो तर विहीर बुजवलेली, खोलीच्या जागी संगणक कक्ष. मुलांच्या हातात गाइडं होती. वाईट वाटलं.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिने आम्हाला फिलाडेल्फियाला नेलं, त्या इमारतीत. हिरवी कापडं अंथरलेली टेबलं, उंच खिडक्या, आणि पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली वॉशिंग्टनची खुर्ची. हा उगवता की मावळता, असा प्रश्न म्हाताऱ्या फ्रँकलिनला सभाभर पडला होता. सह्या होताना तो म्हणाला, उगवता. सगळे त्या खुर्चीचे फोटो काढत होते. मी टेबलाकडे बघत उभा होतो.

वॉशिंग्टनला अक्षर ओळखता आलं नव्हतं. बाई तर दर शनिवारी आमच्या वह्या तपासायच्या. त्यांना ओळखू आलं नसेल, हे शक्यच नाही. तरी त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि दहावीला निरोपाच्या दिवशी पाठीवरून हात फिरवला तो सगळ्यांसारखाच.

निमंत्रणपत्रिकेत सत्कारमूर्तींमध्ये बाईंचं नाव आहे. मी येणार आहे. पण मंडपात गर्दी असेल, धीर होईल न होईल, म्हणून इथेच लिहितो. बाई, तो कागद माझा होता.