पन्नास क्रॉयत्सारचा लोहार

बुडापेस्टच्या टीमबरोबर पहिलाच कॉल होता. स्क्रीनवर सात चौकोन, आणि त्यातल्या तीन चौकोनांखाली एकच आडनाव. मला वाटलं, भाऊभाऊ असणार. एक चिकटला, त्यानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आमच्या साहेबांनी रोमन अक्षरं जशी दिसली तशी वाचली, "मिस्टर कोव्हॅक्स?" २०२१ साल होतं, लशींच्या नावांखेरीज कानावर दुसरं काही पडत नव्हतं. इकडे दोघंतिघं गालात हसले. तिकडे मात्र तिन्ही माना एकदम वर झाल्या. त्यातला एक, फारसा न दुखावता, म्हणाला, "कोवाच."

हंगेरियन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण त्या अक्षरांचे नेमधर्म तिनं स्वतःचे ठरवलेत. नुसता 'सी' असेल तर चमच्यातला च, आणि 'सी'ला 'एस' जोडला की चहातला च. आपण हे दोन्ही एकाच अक्षरात कोंबतो आणि मराठी शिकणाऱ्याला रडवतो. कोवाचमधला च चहातला. शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसाला हे नाव ऐकून 'संजय उवाच' आठवणारच. को वाच? कोण बोललं? (आमच्या बाईंनी इथे लाल रेघ मारली असती. 'क उवाच', संधी पाहा.)

कॉल आवरता आवरता मी विचारलं, तुम्ही तिघं नात्यातले का? तिघंही हसले. त्यांच्या देशात हे आडनाव दोनेक लाख लोकांचं आहे, लोकसंख्या एक कोटीच्या आत. मग अर्थ विचारला. "ब्लॅकस्मिथ," तो म्हणाला. मी माइक बंद करून मनसोक्त हसून घेतलं. कारण माझं आडनाव लोहार.

त्या दिवसापासून हे नाव माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पहिली गंमत अशी, की एवढं अस्सल हंगेरियन वाटणारं हे नाव मुळात हंगेरियन नाहीच. हंगेरियन लोक पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातून घोड्यांवरून आले आणि सन ८९५च्या सुमारास कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत उतरले. त्यांची भाषा फिनिशच्या लांबच्या नात्यातली, आजूबाजूच्या एकाही भाषेशी न जुळणारी. तिथे आधीपासून स्लाव्ह लोक राहत होते. त्यांच्यात 'कोवाती' म्हणजे घडवणं, ठोकणं, आणि 'कोवाच' म्हणजे ते करणारा. पाहुण्यांनी शब्द उचलला. टेबल, खिडकी, विणकर, बुधवार, गुरुवार, शुक्रवार हेही त्यांनी तिथूनच उचललं. आपण मेज, दरवाजा आणि दुकान घेऊन बसलोय, तेव्हा हसायला नको. पण लोखंडाला मात्र त्यांचा स्वतःचा, फार जुना शब्द आहे : 'वॉश'. पश्चिमेकडच्या एका अख्ख्या जिल्ह्याचं नाव वॉश आहे. म्हणजे लोखंड घरचं आणि लोहार शेजारचा. मला हे फार आवडलं. लोखंड कुणाचंही असो, विळा बिघडला की माणूस शेजाऱ्याकडेच जातो.

दुसरी गंमत गणिताची. लोहार गावात एकच असतो, फार तर दोन. मग त्याचं नाव देशात दुसऱ्या क्रमांकाचं कसं? (पहिला 'नॉज', म्हणजे मोठा, थोरला.) उत्तर त्या एकटेपणातच आहे. हंगेरीत आडनावं साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकापासून रुजू लागली, आधी सरदारांत, मग कुळवाड्यांत. गावात पन्नास जण नांगर धरत असतील तर 'नांगऱ्या' म्हणून कुणाचीच ओळख पटत नाही. 'लोहाराचा यानोश' म्हटलं की पटते, कारण लोहाराचं घर एकच. असं प्रत्येक गावात एकेक घर, आणि गावं हजारो. दुर्मीळ होता म्हणूनच तो सगळीकडे झाला. शिंप्याचा 'सॉबो', चांभाराचा 'वॉर्गॉ', पिठाच्या गिरणीवाल्याचा 'मोलनार' हे याच वाटेनं पहिल्या दहांत बसलेत. उरलेल्यांत बहुतेक बाहेरून आलेल्यांची नावं : होर्वात म्हणजे क्रोएशियाचा, तोत म्हणजे स्लाव्ह, नेमेत म्हणजे जर्मन. आणि एक लांडगा, 'फॉर्कॉश'.

कुठे कुठे अख्खं गावच लोहारांचं असे. आर्पाद या हंगेरीच्या पहिल्या राजघराण्याच्या काळात राजाच्या किल्ल्यासाठी एकेका गावाला एकेक काम लावून दिलेलं असायचं, आणि गावाला नाव पडायचं तेही त्याच कामाचं. बुडापेस्टच्या पश्चिमेला डोंगरात नॉजकोवाची नावाचं गाव आजही आहे, मोठी लोहारवाडी म्हणा. पुढे तुर्कांच्या लढायांत हा मुलूख ओस पडला, अठराव्या शतकात तिथे जर्मन कुटुंबं आणून वसवली. त्यांनी 'मोठी'चं भाषांतर केलं आणि 'लोहार' तसाच ठेवला : ग्रोसकोवाच. स्लाव्हांचा शब्द, हंगेरियन गाव, जर्मन रहिवासी.

आता माझ्याकडचा लोहार. आजोबांची भट्टी गावाच्या वेशीजवळ होती. मी सहा-सात वर्षांचा असेन, सुट्टीत भात्याची दोरी ओढायचं काम माझ्याकडे. ऐरण बाभळीच्या ओंडक्यात रुतवलेली. विळ्याला पाणी द्यायचं असलं की आजोबा बोलायचे थांबत. तापून लाल झालेलं पातं पाण्यात चर्र करून बुडवायचं, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करायचं, मग धगीजवळ धरून नुसतं बघत बसायचं. पात्यावर रंग चढू लागतो. आधी अगदी फिका, मग गव्हाळ, मग तांबूस, मग जांभळा. गव्हाळाच्या पुढे आणि जांभळ्याच्या अलीकडे कुठेतरी त्यांचा क्षण असायचा. तो धरला तर धार टिकली, चुकला तर विळा एक तर मोडका नाही तर बोथट. मी विचारलं होतं, कळतं कसं? म्हणाले, "बघत ऱ्हायचं." सुगीला बलुत्याची ज्वारी यायची. पुढे बाजारात तयार विळे आले आणि ज्वारी यायची थांबली. वडील मास्तर झाले, मी संगणकापुढे बसलो. आडनाव तेवढं ऐरणीपाशी राहिलं.

पुढच्या कॉलनंतर मी हे सगळं माझ्या कोवाचला सांगितलं. (एव्हाना तिघांतला एक 'माझा' झाला होता.) म्हटलं, तुझ्याकडे भट्टी कुणाची होती? तो म्हणाला, कुणाचीच नाही. आमचे मूळचे श्मिट. खापरपणजोबा कोवाच झाले, आणि तेही लोहार नव्हते, शिंपी होते.

झाले म्हणजे? अर्ज करून झाले. एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या राज्यात अर्ध्याहून जास्त प्रजा हंगेरियन न बोलणारी होती : जर्मन, स्लोव्हाक, रोमानियन, सर्ब. ज्यू लोकांना तर सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८७ साली फर्मान काढून जर्मन आडनावं घ्यायला लावली होती. १८६७ साली ऑस्ट्रियाशी तह होऊन घरचा कारभार हंगेरियनांच्या हाती आला, आणि मग 'आपलं' नाव घेण्याची लाट आली. १८८१ साली सरकारनं नाव बदलण्याची फी पाच फोरिंटवरून पन्नास क्रॉयत्सारवर आणली, म्हणजे थेट दशांशावर. लोक रांग लावून हंगेरियन झाले. टवाळखोरांनी त्यांना नाव ठेवलं, 'पन्नास क्रॉयत्सारवाले मॉज्यार'. १८९८ साली शिमोन तेल्केश नावाच्या गृहस्थानं आडनाव बदलायचं कसं याची पुस्तिकाच छापली. सरदारी थाटाची जुनी नावं घ्यायला मनाई होती, साधी खुशाल घ्या. मग श्मिटनं सरळ भाषांतर केलं आणि तो कोवाच झाला. स्लोव्हाक कोवाचला तर शेवटचं अक्षर बदललं की पुरे. ज्यूंमध्ये 'कोन' आडनावाचे होते त्यातलेही काही कोवाच झाले; पहिलं अक्षर तेच राहिलं की चादरींवर नि रुमालांवर भरलेली आद्याक्षरं उसवावी लागत नाहीत, असं म्हणतात. नाव बदलण्यामागे काय काय असेल, नोकरी असेल, भीती असेल, हौस असेल. पण चादरींचं कारण मला लगेच पटलं.

हे ऐकताना मला माझे थोरले काका आठवत होते. त्यांनी नेमकं उलटं केलं. शहरात घर भाड्यानं बघत असताना घरमालकांनी आडनाव विचारलं, काकांनी सांगितलं. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "लोहार म्हणजे... कोण?" हा 'म्हणजे कोण' ज्यानं ऐकलाय त्याला समजावून सांगायला नको, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला समजणार नाही. काकांनी पेपरात दोन ओळींची जाहिरात दिली, राजपत्रात नाव छापून आणलं, आणि गावाच्या नावापुढे 'कर' लावून ते मोकळे झाले. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. काकांच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून लोहार आणि चिरंजीव म्हणून कर, एवढं तेव्हा माझ्याही लक्षात आलं. तिकडे लोक पैसे भरून लोहार होत होते, इकडे पैसे भरून लोहार असायचे थांबत होते.

बायकांचं प्रकरण निराळंच. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. कोवाच यानोश. आता या यानोशशी लग्न झालेली बाई काय होते? कोवाच यानोशने. शेवटचा 'ने' म्हणजे बायको. बस, संपलं. तिचं माहेरचं आडनाव गेलं, आणि बारशाचं नावसुद्धा गेलं. दारावरची पाटी वाचून आत राहणारी मारिया की ज्युलिया हे कळायची सोय नाही. आपल्याकडे सासरी नाव बदलायचे, पण निदान तांदळात लिहून दुसरं तरी द्यायचे. पुढे तिकडच्या बायकांनी मधला मार्ग काढला : कोवाचने सॉबो मारिया. लोहाराची बायको, शिंप्याची मारिया. एका नावात दोन कारागीर! आणि याच देशात सरकारी ओळखीसाठी आईचं लग्नाआधीचं नाव विचारलं जातं, साध्या फॉर्मवरसुद्धा. दोन लाख कोवाचांतून नेमका माणूस शोधायचा तर आईशिवाय गत्यंतर नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं ठरलं, ते मी त्याला मोठ्या फुशारकीनं सांगायला गेलो, तर हे ऐकावं लागलं.

१९२० साली त्रियानोंचा तह झाला आणि हंगेरीचा दोनतृतीयांशाहून जास्त मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. कोवाच जागेवरच बसून परदेशी झाले. कॉशॉ नावाचं शहर घ्या, आजचं कोशित्से. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया, १९३८ साली परत हंगेरी, १९४५ साली परत चेकोस्लोव्हाकिया, १९९३ पासून स्लोव्हाकिया. तिथल्या कोवाचांच्या मुलीच्या नावाला स्लोव्हाक रीतीनं 'ओवा'ची शेपटी लागायची : कोवाचोवा. रोमानियात तेच नाव 'सी'नं सुरू होतं. आणि जे खरोखरच उठून गेले, अमेरिकेच्या पोलादाच्या कारखान्यांत नि खाणींत, त्यांतल्या काहींनी शेवटी 'सीएच' लावून घेतला, निदान गोरा मुकादम हाक तरी नीट मारेल. १९५६चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला तेव्हा दोनेक लाख लोक सीमा ओलांडून गेले. त्यात लास्लो कोवाच नावाचा फिल्मचा विद्यार्थी होता. मित्राबरोबर त्यानं रस्त्यावरची लढाई चोरून चित्रित केली आणि ती रिळं घेऊन ऑस्ट्रिया गाठला. हॉलिवूडमध्ये तो मोठा छायालेखक झाला. मागे राहिलेल्यांत मॉर्गित कोवाच होत्या. डॅन्यूबकाठच्या सेन्तेन्द्रे गावात त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे, पण लोखंडाचं तिथे नाव नाही. सगळं मातीचं, चाकावरचं नि भट्टीतलं. आडनाव लोहाराचं आणि हात कुंभाराचे.

आमचं प्रोजेक्ट संपत आलं तेव्हा कोवाचनं मला त्यांची एक म्हण ऐकवली : ज्याचा तो आपल्या नशिबाचा लोहार. मी म्हटलं, आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर 'शिल्पकार' लिहितात. तो विचारात पडला. म्हणाला, शिल्पकाराला दगड तापवावा लागत नाही, ना?

शेवटच्या कॉलच्या आधी मी काकांकडे गेलो होतो. आजोबांची ऐरण त्यांच्याकडे आहे, बंगल्याच्या पुढच्या दाराशी. वारा सुटला की दार आपटतं, म्हणून टेकवून ठेवलीय. काकूंनी तिला चॉकलेटी ऑइलपेंट दिलाय. फोटो काढून कोवाचला पाठवला. त्याचं उत्तर आलं, एकच शब्द, आणि पाठोपाठ तो म्हणून दाखवलेला आवाज. ऐरणीला त्यांच्याकडे काय म्हणतात ते. ओठ 'उ'चे करायचे आणि जीभ 'इ'ला न्यायची, मग 'ल्लो'. बुडापेस्टमध्ये एक लांबच लांब रस्ता आहे, त्याचं नावही असंच ऐकू येतं म्हणे, आणि तो त्याच रस्त्यावर राहतो.

मी तो शब्द काकांच्या ओसरीत उभा राहून चार-पाचदा म्हणून पाहिला. काका पेपर वाचत होते. म्हणाले, "घसा बसलाय का रे?"