अल्डाब्राच्या कासवांचा खर्च कोण भरतो?

हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाची सारी जमीन मिळून साधारण 455 चौरस किलोमीटर भरते, लोकवस्ती लाख-सव्वा लाखाची आहे, आणि राखायचा समुद्र मात्र 13 लाख चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. इतक्या थोड्या करदात्यांच्या जोरावर एवढा निसर्ग राखला जाणे शक्य नाही. म्हणून तिथली पैशांची जुळवाजुळव मी कुतूहलाने पाहत आलो आहे.

तिच्यातली मला सर्वांत आवडणारी व्यवस्था साधी आहे. प्रालँ बेटावरचे व्हॅले द मे हे जेमतेम 20 हेक्टरांचे ताडवन पर्यटक तिकीट काढून पाहतात (ज्याच्या करवंटीचे कमंडलू आपल्याकडचे साधू बाळगत, तो दर्याचा नारळ इथलाच), आणि त्या तिकिटांच्या पैशांतून हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या, क्वचितच कुणी पोहोचणाऱ्या अल्डाब्रा प्रवाळबेटाचा व तिथल्या लाखभर महाकाय कासवांच्या देखरेखीचा खर्च भागवला जातो. दोन्ही जागतिक वारसास्थळे एकाच न्यासाकडे असल्यामुळे हे जमते. मात्र 2020 साली करोनामुळे विमाने थांबली आणि ही मिळकत आटली. अल्डाब्रावरचा खर्च काही थांबण्यासारखा नव्हता.

दुसरी वाट कर्जातून निघाली. 2008 साली सेशेल्सची कर्जफेड थकली होती. पुढे ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मदतीने सुमारे 2 कोटी 16 लाख डॉलरचे विदेशी कर्ज सोडवून घेण्यात आले आणि सरकार त्यापोटीचे हप्ते देशातल्याच एका वेगळ्या संवर्धन न्यासाला देऊ लागले. बदल्यात 30 टक्के समुद्र संरक्षित करण्याचे वचन 2020 मध्ये पाळले गेले. हप्त्यांचा काही भाग स्थानिक रुपयांत भरता येतो आणि काही भाग कायम ठेवीत जातो, हा त्या करारातला खरा शहाणपणा आहे.

2018 साली काढलेल्या 1.5 कोटी डॉलरच्या निळ्या रोख्यांचा (समुद्राशी निगडित कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा) गवगवा अधिक झाला. जागतिक बँकेची हमी आणि सवलतीचे कर्ज यांमुळे व्याजाचा भार साडेसहावरून 2.8 टक्क्यांवर आला खरा, पण रोखे म्हणजे शेवटी कर्जच. मासेमारीसारख्या कमावत्या व्यवसायाला ते शोभते. कासवे मोजणाऱ्याच्या पगारासाठी ते काढणे म्हणजे ऋण काढून सण करणे होईल.

माझ्या मते पहारा, बोटींचे इंधन आणि पगार हा दरवर्षीचा अटळ खर्च, ठेव जसजशी वाढेल तसतसा, तिच्या व्याजावर टाकावा; आणि तिकिटे किंवा 2023 पासून पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर यांसारखे हंगामी उत्पन्न पायवाटा व इमारतींच्या डागडुजीसारख्या, वर्षभर पुढे ढकलता येणाऱ्या कामांना लावावे.