बंद पडताना मशीनला काय सोसावं लागतं

जुलैतला तो दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या पठारावर मी पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. दोन मेगावॉटचं मशीन, हब, म्हणजे तिन्ही ब्लेड (पाती) जिथं जोडलेले असतात तो मधला भाग, ८० मीटरवर. जून ते सप्टेंबर हाच आमचा हंगाम, वर्षाच्या जनरेशनचा मोठा भाग याच चार महिन्यांत निघतो आणि नेमकं याच दिवसांत धुकं, पाऊस, ओले इन्सुलेटर, त्यामुळे ३३ केव्हीचा फीडर, म्हणजे आमची वीज बाहेर नेणारी लाइन, सारखा जातो.

त्या दिवशी फीडर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ वेळा गेला. वारा १२-१३ मीटर सेकंद. लाइन आली की मशीन परत चालू करायला कंट्रोल रूमवरून फोन, "सर रीसेट करू का?" आणि मी नऊही वेळा करा म्हणालो. खाली रस्त्यावर गावातले लोक विचारतात की एवढा वारा असून पंखे बंद का, वर ऑफिसला अवेलेबिलिटीचा, म्हणजे मशीन किती वेळ चालायला तयार होतं त्याचा, आकडा पाहिजे, सगळ्यांना मशीन फिरताना दिसलं पाहिजे. बंद मशीन म्हणजे आराम करणारं मशीन असं सगळे धरून चालतात आणि तिथंच चूक होते.

चालू मशीनवर त्या वाऱ्यात साधारण २५-३० टनांचा रेटा असतो, म्हणजे भरलेला दहा चाकी ट्रक ८० मीटर उंचीवरून टॉवरला मागे ढकलतोय असं धरा. टॉवर फूटभर तरी मागे वाकलेला असतो. साध्या स्टॉपला ब्लेड वाऱ्याला कड देत हळूहळू वळतात, रेटा सावकाश उतरतो, टॉवर सरळ होतो. पण फीडर गेला की जनरेटरवरचा लोड एका क्षणात शून्य होतो, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला पडावी तसा रोटर (हब आणि ब्लेड मिळून फिरणारा पंखा) वेग घेतो, मग हबमधल्या बॅटऱ्या तिन्ही ब्लेड जोरात ९० अंशाकडे वळवतात. काही सेकंदांत रेटा गायब, वरून ब्लेड वाऱ्याला उलटे ओढायला लागतात, आणि ताणून सोडलेल्या छडीसारखा टॉवर वाऱ्याच्या दिशेनं पुढे झेपावतो. त्यात आणखी एक गोष्ट, फिरता रोटर हवेत टॉवरचं डोलणं दाबत असतो, ते दाबणंही गेलेलं असतं. त्यामुळे टॉवर पुढे-मागे डोलतच राहतो. प्रत्येक झोक्याला फ्लँजचे, म्हणजे टॉवरचे तुकडे जिथं जोडलेले असतात त्या कड्यांचे, बोल्ट एका बाजूला ताणले जातात, दुसऱ्या बाजूला सैल होतात.

सातव्या ट्रिपला, म्हणजे फीडर सातव्यांदा गेला तेव्हा, मी सतरा नंबरच्या टॉवरमध्ये तळाशी उभा होतो. वर वारा सुटल्यासारखा आवाज झाला, मग बंद. आणि मग शिडीजवळची सेफ्टी वायर शिडीवर आपटायला लागली. ठण्ण. तीन सेकंद. ठण्ण. तीन सेकंद. मी मोजत होतो, पंचविसाच्या पुढे मोजणं सोडलं. बाजूच्या मशीनवर पूर्वी हेच दहा-बारा ठोक्यांत थांबलेलं ऐकलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण त्यानंतरच्या रीसेटलाही मी हो म्हणालोच.

नवव्या ट्रिपला व्हायब्रेशनचा एरर आला आणि सतरा नंबर स्वतःच अडून बसलं. दुसऱ्या दिवशी वारा उतरल्यावर वर चढलो. हबमध्ये दोन नंबर ब्लेडच्या बॅटऱ्या फुगलेल्या. म्हणजे बाकीचे दोन ब्लेड वेळेत वळत होते आणि हा मागे रेंगाळत होता, प्रत्येक स्टॉपला रोटर वाकडा ओढ घेत होता. दोन ब्लेड वळले तरी मशीन थांबतं, डिझाइन तसंच असतं, त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळत नाही. बॅटरी बदलायची मागणी मी मे महिन्यात टाकली होती, ती पावसाळ्यानंतर बघू म्हणून पडून राहिली. पावसाळ्यासाठीच तर त्या बॅटऱ्या असतात ना!

खाली पहिल्या फ्लँजवर टेक्निशियननं बोल्ट फिरला तर कळावं म्हणून मारलेल्या पेंटच्या रेघा बघायला सुरुवात केली. दोन रेघा सरकलेल्या होत्या. तिसऱ्या बोल्टला पान्हा लावला तर डोकंच हातात. "सर, नुसतं ठेवल्यागत आलं की हो हातात." टॉर्च मारून बघितलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, तांबूस, त्यावर एकात एक कमानी, झाडाच्या खोडाला असतात तशा. उरलेला भाग खरबरीत, ताजा, चकचकीत. म्हणजे शेवटचा तुकडा आदल्या दिवशी तुटला असेल, पण चीर कित्येक महिने, कदाचित वर्षं, आत सरकत होती. आजूबाजूचे बोल्टही बदलले, कारण एकानं सोडलेलं वजन शेजाऱ्यांनीच उचललेलं असतं.

त्या कमानी मी परत परत बघतो. आयईसी ६१४००-१ या पवनचक्कीच्या डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये साधा स्टॉप आणि इमर्जन्सी स्टॉप वेगवेगळे धरून मशीनवरचे लोड काढलेले असतात, मशीनचं २० वर्षांचं आयुष्य त्या हिशोबावर उभं असतं. आमच्या रोजच्या रिपोर्टमध्ये मात्र किती मिनिटं बंद होतं एवढंच येतं, कसं बंद झालं ते कुठंच येत नाही. दोन मिनिटांचा ग्रिड ड्रॉप (फीडर जाणं) आणि दोन मिनिटांचा साधा स्टॉप, रिपोर्टला सारखेच. आणि आमचीच काही पोरं सर्व्हिसला चढायची घाई म्हणून इमर्जन्सीचं लाल बटण दाबून मशीन थांबवतात, डिस्क ब्रेक लागतो, गिअरबॉक्समध्ये दात दातावर आपटल्याचा आवाज खालपर्यंत येतो. त्यांना मी ओरडायचो. फीडर नऊ वेळा गेला तेव्हा मात्र तेच मी नऊ वेळा होऊ दिलं.

आता मी वहीत प्रत्येक मशीनचे स्टॉप प्रकारानुसार लिहून ठेवतो. तीन ट्रिप झाल्या की लाइन तासभर स्थिर दिसेपर्यंत रीसेट नाही, हे साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले जनरेशन लॉसचं उत्तर तू देणार का. तो बोल्ट त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय.

आज सकाळपासून फीडर दोनदा गेलाय.