रिझर्व्हला लागल्यावर

पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही. तो मोजतो एका पोकळ डबीची उंची. टाकीत तारेच्या टोकाला प्लास्टिकचा नाहीतर पितळेचा फ्लोट तरंगत असतो. तो वरखाली झाला की तारेच्या दुसऱ्या टोकाची पत्ती विजेला अडवणाऱ्या एका रोधपट्टीवरून सरकते, रोध बदलतो आणि काटा हलतो. आता मोटरसायकलची टाकी म्हणजे काही सरळ उभं पिंप नव्हे. वर पसरट, खाली निमुळती, आणि मधून फ्रेम जावी म्हणून पोटाशी खोबण. शिवाय फ्लोट जिथवर वर जाऊ शकतो, ती हद्द टाकीच्या तोंडाच्या बरीच खाली असते. म्हणून तुडुंब भरलेल्या टाकीवर काटा कितीतरी किलोमीटर ढिम्म बसून राहतो आणि अर्ध्याखाली गेला की घसरगुंडीवरून सुटल्यासारखा येतो. पेट्रोल कुठे गळतंय का, म्हणून लोक खाली वाकून बघतात ते इथेच. साइड स्टँडवर लावलेल्या गाडीचा काटा तर वाचूच नये. पेट्रोल एका कुशीवर असतं आणि फ्लोट दुसऱ्या कुशीला असू शकतो.

हे झाले काट्याचे स्वभावदोष. खरा बिघाड शोधायचा तर तीनच जागा: टाकीतला सेंडर (म्हणजे फ्लोट, तार आणि रोधपट्टी मिळून झालेला भाग), वायरिंग आणि मीटर. नवा मीटर विकत घेण्याआधी टाकीखालचा सेंडरचा कनेक्टर सोडवावा. पिनांवर हिरवी बुरशी दिसली, तर अर्धं निदान तिथेच झालं. गंजलेला जोड किंवा सैल अर्थिंग आपला जास्तीचा रोध मध्ये घुसवतं आणि काटा तेवढं खोटं बोलतो. पिना स्वच्छ असतील तर झाकण बंद ठेवून, जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही हे बघून, इग्निशन चालू करावं. कनेक्टर सुटलेला असताना काटा एका टोकाला, आणि मीटरकडच्या दोन वायरी क्षणभर जोडल्या की दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीत. कुठलं टोक कधी, हे गाडीगणिक बदलतं. काही गाड्यांत भरलेल्या टाकीला रोध कमी असतो, काहींत नेमका उलट. डिजिटल मीटरवर मात्र वायरी जोडण्याचा हा उद्योग करू नये; मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमतीचा रेझिस्टर लावून बघावं.

सेंडर बाहेर काढला की मल्टिमीटर ओहमवर लावून फ्लोट बोटाने अगदी सावकाश वर न्यावा. आकडा एका लयीत चढला किंवा उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा सर्किट तुटल्याचं दाखवलं, तर पट्टी तिथे झिजलेली. ज्यांची गाडी बारा महिने पाव टाकीवर चालते, त्यांची पट्टी बहुतेक पावाच्याच आसपास खाल्लेली निघते. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला सुईएवढं भोक पडलंय, पेट्रोल आत शिरलंय आणि तो बुडतोय. असला फ्लोट टाकी भरली तरी ‘रिकामी’च सांगणार.

काट्यावर विसंबून चालणाऱ्याची गाडी एक दिवस आचके देते आणि हात टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीकडे, म्हणजे कॉककडे जातो. कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात. ‘ऑन’ची नळी उंच, ‘रिझर्व्ह’चं तोंड जवळजवळ तळाशी. पेट्रोलपेक्षा पाणी जड, त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी, गंजाची भुकटी, जे काही असेल ते त्या उंच नळीच्या खाली महिनोन्‌महिने निवांत पडून असतं. रिझर्व्ह उघडला की ते सगळं पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरकडे निघतं. ‘रिझर्व्हला लागली आणि लगेच बंद पडली’ या तक्रारीत पेट्रोल संपलेलं नसतंच कित्येकदा.

पाणी येतं कुठून? पंपावर खापर फोडण्याआधी झाकण उघडून त्याभोवतीची खोलगट वाटी बघावी. वाटीच्या कडेला, काडेपेटीची काडी जेमतेम शिरेल एवढं एक छिद्र असतं. तिथून एक नळी टाकीतून आरपार खाली जाते आणि पावसाचं पाणी रस्त्यावर सोडते. धुळीने ते बुजलं की वाटीत तळं साचतं आणि म्हाताऱ्या रबराच्या कडेने थेंब थेंब आत. छिद्रात पातळ तार अलगद फिरवायची, खालून पाणी पडतं का बघायचं. दोन मिनिटांचं काम, पण पावसाळा सरेपर्यंत कुणाला आठवत नाही. शेजारचं दुसरं छिद्र हवेचं असू शकतं. ते बुजलं तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही आणि लक्षणं हुबेहूब कचरा आल्यासारखी दिसतात. झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं आणि गाडी लगेच सुधारली, तर कार्बोरेटर खोलू नका.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलची गंमत वेगळी. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं. १० लिटरला ५० मिलीच्या आसपास. थंडीत त्याहून कमी. तेवढ्यापर्यंत ते पाणी जळूनही जातं. त्यापुढे इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. मग टाकी हलवून, वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. सगळंच काढावं लागतं.

खात्री करायला कार्बोरेटरच्या बाउलखालचा, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून निघेल ते काचेच्या बाटलीत धरावं. इंजिन गार, आसपास ठिणगी नाही. पाणी असेल तर ते पाऱ्यासारखं गोळा होऊन तळाशी लोळतं. गाडी अडवायला चमचाभर पुरतं. इंजेक्शनच्या गाडीला कार्बोरेटरच नसतो, म्हणून हा स्क्रू नाही. तिथे टाकीतला पंप बाहेर काढून त्याची जाळी बघण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सेंडर बहुधा त्याच पंपाला जोडलेला असतो.

कॉक काढून टाकी पूर्ण उपसावी, पाव-पाव लिटर चांगल्या पेट्रोलने दोनदा खंगाळावी, कॉकची जाळी धुवावी. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नये, हे सांगावं लागतं हेच नवल. आता टाकी रिकामी झालीच आहे, तर गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून अर्धा-अर्धा लिटर मोजून ओतावं, दर वेळी मिनिटभर थांबावं आणि काटा कुठे आला ते कागदावर टिपून ठेवावं. पहिले एक-दोन अर्धे लिटर तो बहुधा हलायचाच नाही.