पाहुण्यांना मी रॅम्सगेटला का नेतो?

आमच्याकडे इंग्लंडमध्ये केंटला कुणी पाहुणे आले की मी त्यांना रॅम्सगेटच्या बंदरावर नेतो. आणि परत जाताना बहुतेक जण विचारतात, "एवढी बघण्यासारखी ठिकाणं सोडून ती जुनी लाकडी बोट का दाखवता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

बोटीचं नाव 'सनडाउनर'. लांबी ५८ फूट. मालक चार्ल्स लाइटोलर. हे टायटॅनिकवरचे सेकंड ऑफिसर, वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ. नौदलाची एक जुनी बोट विकत घेऊन त्यांनी तिची घरच्यांसाठी मोटरबोट करून घेतली होती.

१४ मे १९४० ला बीबीसीवरून सूचना झाली: ३० ते १०० फुटी खाजगी मोटरबोटींच्या मालकांनी १४ दिवसांत नौदलाला माहिती कळवावी. महिनाअखेर लाइटोलरना फोन आला, बोट रॅम्सगेटला आणून द्या, पुढे आमचे लोक नेतील. ते म्हणाले, बोट जाईल, पण नेणार मी. तेव्हा त्यांचं वय होतं ६६. सोबत थोरला मुलगा रॉजर आणि सी स्काउटचा, म्हणजे समुद्री बालवीर पथकाचा, एक तरुण पोरगा. फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला जर्मनांच्या वेढ्यात अडकलेल्या सैनिकांना समुद्रमार्गे सोडवून आणायचं काम चालू होतं. १ जूनच्या सकाळी तिघं तिकडे निघाले. वाटेत एक मोटरबोट पेटलेली दिसली, तिच्यावरची माणसं आधी उचलून घेतली.

यापुढचं सांगताना मला आमची तर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, आठवते. माझे वडील खाडीत ती चालवायचे. माणसं चढत असताना त्यांचं लक्ष माणसांकडे नसायचं, पायाखाली असायचं. बोट जरा वेगळी डुलली की हात आडवा करून म्हणायचे, "बास." मग समोर जावई उभा असो नाहीतर सरपंच.

डंकर्कला लाइटोलरनी एका विनाशिकेच्या कडेला बोट लावली. रॉजर खाली केबिनमध्ये सैनिक बसवत होता. ५० झाल्यावर लाइटोलरनी विचारलं, कसं काय? खालून उत्तर आलं, अजून पुष्कळ जागा आहे. ७५ झाल्यावर मात्र दाटी झाल्याचं त्यानं कबूल केलं. मग डेक भरायला घेतला. सगळ्यांनी आडवं पडून राहायचं, उठायचं नाही. डेकवर ५० झाले आणि बोट अस्थिर व्हायला लागल्याचं त्यांच्या पायांना कळलं. तिथे थांबवलं. एकूण सुमारे १३० जण. त्याआधी त्या बोटीवर एका वेळी कधी २१ च्या वर माणसं बसली नव्हती.

परत येताना जर्मन विमानं मागे लागली. लाइटोलरचा धाकटा मुलगा ब्रायन हवाई दलात वैमानिक. विमान हल्ला कसा करतं, तो चुकवायचा कसा, हे त्यानं वडिलांना वेळोवेळी सांगितलं होतं. सूर मारत आलेल्या विमानाला गोळ्या झाडण्याआधी नाक थोडं वर उचलावं लागतं. तो क्षण येईपर्यंत म्हातारा मागे बघत थांबला, आणि मग सुकाणू पूर्ण एका बाजूला. सनडाउनर स्वतःच्या लांबीत अख्खी वळायची. गोळ्या पाण्यात गेल्या. बोटीवरच्या एकालाही इजा झाली नाही.

ब्रायन मात्र युद्धाच्या अगदी सुरुवातीला, सप्टेंबर १९३९ मध्येच, जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनवरच्या हल्ल्यात मारला गेला होता. या गोष्टीत मी दरवेळी इथेच अडखळतो. नऊ महिन्यांपूर्वी गेलेल्या पोराचं बोलणं बापानं इतकं जपून ठेवलं होतं, की त्यावर १३० माणसं घरी आली. डंकर्कहून एकूण ३,३८,२२६ सैनिक सुटले, त्यातले बरेचसे मोठ्या जहाजांतून. पण त्या आकड्यापेक्षा मला ही एक फेरी जास्त कळते.

वडील इकडे आले होते तेव्हा त्यांनाही तिथे नेलं. धक्क्यावरून त्यांनी बोटीची लांबी पावलांनी मोजली, दोनदा. मग विचारलं, "एकशेतीस बसवले कुठे?"

"निजवले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ डेककडे बघत राहिले.