ठाणे ते मोत माउली, रात्रभर चालत

आमच्या घरात देवाला चालत जायचं म्हणजे हरेगावला, वांद्र्याला नाही. सासर श्रीरामपूर तालुक्यातलं, त्यामुळे सप्टेंबर लागला की सासूबाईंचं मतमाउलीच्या यात्रेचं सुरू, कोण कोण येणार, भाकऱ्या किती बांधायच्या, पायी कुठून निघायचं. नगर-नाशिककडची ख्रिस्ती माणसं एरवी कुठेही पांगलेली असू देत, त्या दिवसांत हरेगावला भेटतातच. मी लग्न करून कळव्याला आले तरी आमचं तेच चालू राहिलं. वांद्र्याची मोत माउली, म्हणजे माउंट मेरीचं चर्च, ती इकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मूळच्या ख्रिस्ती, आणि कोळी लोकांची, आपण ट्रेनने जायचं, मेणबत्ती द्यायची, दुपारच्या जेवणाला घरी.

पण हे गेले आणि मग हरेगावला जायची हिंमतच होईना. तिथे सगळे ओळखीचे. प्रत्येकजण हात धरणार, डोळ्यात पाणी आणणार आणि एक वाक्य सांगणार. देवाची इच्छा. चांगल्या माणसांना तो लवकर बोलावतो. ही वाक्यं ऐकून ऐकून मला इतका वैताग आलेला की मी फोन उचलायचं पण बंद केलं होतं.

ह्यांच्या दोन्ही किडन्या शुगरमुळे गेल्या. आठवड्यातून 3 दिवस डायलिसिस, एका वेळेला 4 तास, ज्यांच्या घरात हे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डाव्या हाताला फिस्टुला केलेला, म्हणजे धमनी आणि शीर आतून जोडतात, मग शीर फुगते आणि सुईला रक्ताचा जोर नीट मिळतो, आणि तो चालू आहे का बंद पडलाय हे रोज हात लावून बघायचं असतं. बोटाखाली घरघर लागते. झोपायच्या आधी मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवायचे, घरघर लागली की हां, आजचा दिवस झाला, मग जपमाळ. पाणी मोजून. चहा, आमटी, ताक सगळं त्या मापातच धरायचं, उन्हाळ्यात तर ते बर्फाचा एक तुकडा तोंडात ठेवून टीव्हीसमोर बसायचे आणि कोणी पाणी पिताना दिसलं की चॅनल बदलायचे. जाहिरातीतलं पाणी पण बघवत नव्हतं त्यांना.

त्याच काळात एकदा मी मोत माउलीला जाऊन मेणाचा नवस दिला होता. तिथे चर्चच्या रस्त्यावर स्टॉल असतात, मेणाचा हात, पाय, डोकं, हृदय, बाळ, घर, आता तर गाड्या आणि विमानं पण मिळतात, व्हिसासाठी. मी किडनी मागितली. स्टॉलवाली म्हणाली, "किडनी नाय येत बाई, अख्खा माणूस घे ना, त्यात सगळं आलं." मला तेव्हा हसू आलं आणि बरं पण वाटलं, अख्खा माणूस घेतला. तो अख्खा माणूसच गेला पुढच्या पावसाळ्यात.

आणि त्याआधी एक प्रार्थनावाले गृहस्थ घरी यायचे. आमच्या पॅरिशचे नाहीत, कुणाच्या तरी ओळखीने आलेले. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून जोरजोरात प्रार्थना, आणि जाताना मला बाजूला घेऊन, ताई, तुमच्या घरात विश्वास कमी पडतोय, म्हणून उत्तर येत नाही. ह्यांनी आतून ऐकलं ते. माणूस मरायला टेकलाय आणि त्याला सांगायचं की तुझाच विश्वास कमी! मी त्या माणसाला माफ केलंय असं म्हणते, पण खरं सांगू का, रोज नव्याने करावं लागतं.

मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे मी, बंद नाही केलं. पण आम्ही विश्वास ठेवतो असं सगळ्यांनी मिळून म्हणायची वेळ आली की माझं तोंड मिटायचं. खोटं कशाला बोला.

तर शेजारच्या ईस्ट इंडियन आंटी दरवर्षी मोत माउलीच्या जत्रेला ठाण्याहून चालत जातात. 8 सप्टेंबर मरियेचा जन्मदिवस, त्याला धरून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, त्यातल्या शनिवारी रात्री निघायचं आणि पहाटेच्या मिस्सेला डोंगरावर. त्या म्हणाल्या, "चल गो, काही मागू नको, नुसती चल." मागायचं नाही म्हटल्यावर मी हो म्हटलं. कॉलेजातला पोरगा बॅग धरायला आला, तो चर्चला येत नाही आताशा, म्हणे आईला रात्री एकटीला कसं सोडू. एकटी कुठे, चांगला घोळका होता.

निघालो तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपासून. लोक जमेपर्यंत मी पोराला ठाण्याची जुनी गोष्ट सांगितली, मला ती आमच्या एका फादरांनी सांगितलेली आणि मग मी वाचत गेले. 1321 साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांना जायचं होतं केरळातल्या कोल्लमला आणि पुढे चीनला, जहाजाने आणून सोडलं ठाण्यात. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी! तेव्हा इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची 15 घरं होती, त्यातल्याच एका घरात हे उतरलेले, तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली आणि साक्षीला हे संन्यासी, त्यातून धर्मावर वाद पेटला आणि जीव गेला. पुढे ओदोरिक नावाचा एक प्रवासी आला, तो त्यांची हाडं घेऊन चीनला गेला. म्हणजे पोचले शेवटी, पण असे.

पोरगा म्हणाला, मस्त स्टोरी आहे. पण मला त्या चौघांपेक्षा पाचवा जवळचा वाटतो. जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन संन्यासी, त्यांच्याच सोबत आलेला, त्या दिवसांत गुजरातच्या बाजूला गेला होता म्हणून वाचला. परत आला, सोबत्यांना सोपाऱ्यात पुरलं, आणि मग ह्याच भागात अडीच वर्षं एकटा राहिला. ठाण्याहून त्याने लिहिलेलं 1324 च्या जानेवारीतलं पत्र आहे, त्यात नुसतं रडगाणं, आजारपण, हाल, एकटेपणा, त्यांच्याबरोबर मीही का नाही गेलो. आणि त्यातच, इकडे माणसं पाठवा. शहिदांचे सण असतात, मागे उरलेल्याचं कोण काय करतं? तो उठून रोज काय करत असेल, कुणासाठी मिस्सा म्हणत असेल, हे माझ्या डोक्यात तीन हात नाक्यापर्यंत चालू होतं.

मुलुंड चेकनाक्यानंतर एलबीएस रोड म्हणजे सगळा मेट्रो 4 चा पसारा, पत्रे ठोकलेले, फुटपाथ कुठे आहे कुठे नाही, एका वेळी एकाने जायचं. आंटी पुढे जपमाळ सांगतायत, मागचे म्हणतायत, मध्येच "खड्डा आहे, खड्डा" असा निरोप मागे मागे येतो आणि परत जपमाळ. गणपतीचे दिवस होते, भांडुपला एका मंडपातली पोरं जागीच होती, त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, आंटींनी बाप्पाला हात जोडले, त्या पोरांनी आमच्या हातातल्या मरियेच्या फोटोला. कुणाला काही विशेष वाटलं नाही.

कांजूरला पाऊस आला. धो धो. रेनकोट घालून चालताना घाम आतून आणि पाणी बाहेरून, पायातले मोजे पिळून निघाले, आणि तिथे पोराने विचारलं जे तो वर्षभर विचारत नव्हता. "मम्मी, तू एवढं केलंस, मग पप्पा का गेले?"

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण नाहीये माझ्याकडे. मी त्याला सांगितलं की डायलिसिसच्या वेटिंग हॉलमध्ये बसून बसून मी बायबल पुढून मागे वाचलंय, आणि त्यात स्तोत्र 88 आहे, जे अंधारातच संपतं. बाकीची स्तोत्रं रडतात आणि शेवटी वळतात, तुझी स्तुती वगैरे, हे वळतच नाही. आणि ते कोणी काढून टाकलं नाही, ठेवलंय, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. आणि ईयोब, काही चूक नसताना ज्याच्यावर संकटं कोसळली तो, त्याचे मित्र पहिले 7 दिवस गप्प बसून होते तोपर्यंत चांगले होते, मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार सुरू केलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो कुणावर? ईयोबावर नाही, त्याने तर देवाला वाट्टेल ते सुनावलेलं. रागावतो ह्या शहाण्या मित्रांवर, की तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत. पोरगा म्हणाला, मग त्या प्रार्थनेवाल्या काकांना हे दाखवायला पाहिजे होतं. म्हटलं आता सोड.

आंटी पुढून ऐकत होत्या वाटतं. म्हणाल्या, मदर तेरेझाला पण किती वर्षं आत देव लागत नव्हता, आतून सगळं रिकामं, तरी कामावर जायचीच ना रोज. खरंय ते, तिची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा लोकांना धक्काच बसला होता, आणि 2016 मध्ये तिला संत केलंच. म्हणजे चर्चने तो अंधार वाचून संत केलं, लपवून नाही.

कुर्ल्याला पाऊस थांबला. तिथे ख्रिश्चन गावात शिरलो, पाय मोकळे करायला. मुंबईत अशा गावठाणांत गल्लीगल्लीत क्रॉस दिसतात, त्यातले बरेचसे 1896 च्या प्लेगच्या वेळचे, रोग जाऊ दे म्हणून लोकांनी उभारलेले. एका क्रॉसच्या कट्ट्यावर बसून मी बूट काढले, टाचेवर फोड आलेला, त्यावर पट्टी लावली. क्रॉसला झेंडूचा हार, खाली कोणीतरी विझलेली अगरबत्ती ठेवलेली. प्लेग काही क्रॉस उभारला म्हणून गेला नाही, पुढे कितीतरी वर्षं टिकून होता मुंबईत, माणसं मरतच होती. तरी क्रॉस कोणी उपटून फेकला नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनीच त्याला चुना लावला असेल ना दरवर्षी? मला तिथे पहिल्यांदा रडू आलं त्या रात्री, आणि पोराने पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले, पोटभर. हे पण एक आहे, ह्यांच्यानंतर मला पोटभर पाणी पिताना अपराध्यासारखं व्हायचं, त्या दिवशी नाही झालं.

कलिना, बीकेसी भराभर गेलं, काचेच्या बिल्डिंगा आणि वॉचमन, बाकी काही नाही. कलानगरवरून स्टेशनचा पूल ओलांडून वेस्टला आलो तेव्हा फटफटत होतं. हिल रोडला फुलवाले, चणेवाले मांडामांड करत होते, आणि चहूबाजूंनी आपल्यासारखेच लंगडणारे लोक येताना दिसले की जीवात जीव येतो.

वरती रांग. आताची इमारत 1904 ची, पण मूर्ती खूप जुनी आहे. लुटारूंनी तिचा उजवा हात तोडून नेला अशी कथा सांगतात. ज्या माउलीचा स्वतःचा हात तुटला तिच्याकडे लोक मेणाचे हात घेऊन येतात हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. स्टॉलवर "काय नवस?" विचारलं तर मी म्हटलं नवस नाही, साध्या मेणबत्त्या द्या. आजूबाजूला हात-पाय-बाळं घेऊन लोक उभे, कुणाच्या हातात अख्खा माणूस पण होता, पांढरा, टोपीवाला. माझ्या पोटात कालवलं. मी त्या बाईला काही बोलले नाही, तिचा माणूस बरा होऊ दे एवढंच मनात म्हटलं, आणि ते म्हणताना लक्षात आलं की मी मागितलं की, मागणार नव्हते तरी.

मिस्सेत आम्ही विश्वास ठेवतो आलं तेव्हा अर्ध्यापर्यंत म्हटलं मी. अर्ध्यापर्यंत. तो एक बाप होता ना मार्कच्या शुभवर्तमानात, आजारी पोराला घेऊन येतो आणि म्हणतो की विश्वास आहे माझा, जो नाहीये त्याचं तूच बघ. येशूने त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये असं सांगितलं नाही, पोराला हात लावला. माझ्या माणसाला नाही लावला, हे मी येशूला मोठ्या पायऱ्यांवर बसून स्पष्ट सांगितलं. पाय इतके दुखत होते की नम्रपणे बोलायची ताकदच नव्हती.

येताना दादरला गाडी बदलून कल्याण स्लो पकडली, दोघं झोपलो, मुंब्र्याला उतरून परत कळव्याला आलो. सासूबाईंचा फोन. "काय मागितलंस गं?" मी सांगितलं एका अनोळखी बाईच्या माणसासाठी. त्या गप्प, मग म्हणाल्या पुढच्या वर्षी हरेगावला ये, कोणी काही बोललं तर मी बघते. त्या बघतील, मला खात्री आहे.

रात्री जेवताना पोराने विचारलं, तो जॉर्डनस, ठाण्यात एकटा राहिलेला, त्याचं पुढे काय झालं? म्हटलं, गेला युरोपात परत, आणि 1329 मध्ये पोपने त्याला बिशप केलं.

"कुठला?"

"कोल्लमचा."

"म्हणजे परत इकडेच पाठवला? एवढं सगळं होऊन?"

"हो."

"आणि तो तयार झाला? वेडा होता का?"

म्हटलं जेव आता, भात गार होतोय.