झुरिकमध्ये गोठलेली बाटली

इथे आल्यावर पहिल्याच जानेवारीत मला बाहेरच्या केमिकल स्टोअरमधून एथिलीनडायअमीन या द्रव रसायनाची बाटली आणायला पाठवलं, मी ती उचलली, तिरकी केली तर आतलं काही हललंच नाही. सगळं घट्ट, थंडीत खोबरेल होतं ना अगदी तसं. साडेआठ डिग्रीला हे गोठतं हे मी वाचलेलं होतं, पण आपल्याकडे ते गोठलेलं बघणार कोण, आपल्याकडे उलट पावसाळ्यात झाकण उघडलं की धूर यायचा आणि बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरायची. ती खपली म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याने ओढून घेतलेला असतो. मग कोमट पाण्यात बंद बाटली ठेवून बसले, हीटरजवळ अजिबात नाही, कारण ३५ डिग्रीच्या आसपासच याची वाफ पेट घेऊ शकते.

एम.एस्सी.ला आम्ही याला नुसतं 'ईएन' म्हणायचो. निकेलचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, निकेल सल्फेटचं हिरवं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं आणि ड्रॉपरने ईएन टाकत जायचं. आधी फिकट निळं होतं, मग चांगलं निळं, आणि शेवटी जांभळं, पिकलेल्या जांभळासारखं! निकेलभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, एकेक ईएन येतो आणि दोन-दोन पाण्यांना हाकलतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन आहे आणि तो धातूला दोन्ही हातांनी धरतो. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, तोवर पहिला परत येऊन पकडतो. आम्ही हे जर्नलमध्ये उतरवलं, एक्स्टर्नलने सही केली, विषय संपला.

आणि मी आता ज्या शहरात राहते त्याच शहरात या रेणूवर केवढं काम झालंय! आल्फ्रेड वेर्नर इथल्या विद्यापीठात प्रोफेसर होते. कोबाल्टभोवती सहा जागा असतात आणि त्या अष्टफलकाच्या, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, सहा कोपऱ्यांवर असतात असं त्यांचं म्हणणं होतं, पण लोकांना पटत नव्हतं. ते खरं असेल तर दोन ईएन शेजारी-शेजारी बसलेल्या कोबाल्टच्या संयुगाचे दोन प्रकार निघायला हवेत, आपल्या डाव्या-उजव्या हातासारखे, आरशातल्या प्रतिमेसारखे. १९११ मध्ये व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याबरोबर त्यांनी ते वेगळे करून दाखवले, आणि कशाच्या मदतीने तर कापरापासून केलेल्या एका ॲसिडच्या! १९१३ ला नोबेल मिळालं. त्याच्याही आधी एडिथ हम्फ्री नावाची इंग्लिश मुलगी त्यांच्याकडे ईएनच्या कोबाल्ट संयुगांवर काम करत होती, १९०१ मध्ये ती डॉक्टर झाली. परक्या देशात येऊन, त्या काळात, मुलगी असून. हूडसमोर, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटासमोर, उशीर होतो तेव्हा मला तिची फार आठवण येते.

आई फोनवर विचारते, "अगं, त्या घाण वासाच्या पाण्याचं दिवसभर करतेस तरी काय?" तिला मी सांगितलं, आजोबांना दम्याचा अटॅक आला की डॉक्टर ॲमिनोफायलीनचं इंजेक्शन द्यायचे ना, त्यात हे असतं. थिओफायलीन पाण्यात नीट विरघळत नाही, याच्या जोडीने विरघळतं.

माझं सध्याचं काम म्हणजे कार्बन डॉट्स, कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं ढोकळ्यातलं लिंबूसत्व, साधारण एक ग्रॅम, पाणी १० मिली, आणि ईएन फक्त ३३५ मायक्रोलिटर. टेफलॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या भांड्यात भरून घट्ट बंद करायचं, ओव्हनमध्ये २०० डिग्रीला ५ तास. चीनमधल्या एका ग्रुपने ही रेसिपी २०१३ मध्ये छापली. भांडं पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं, आतून तपकिरी, चहासारखं पाणी निघतं, दिसायला काहीच खास नाही. पण ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली धरलं की असलं निळं चमकतं की पहिल्यांदा मी लॅबमधले दिवे बंद करून कितीतरी वेळ बघत उभी होते. त्यात लोहाचं क्षार टाकलं की चमक मंदावते, म्हणून पाण्यातलं लोह ओळखायला ते वापरता येतं. फक्त डायलिसिसच्या पिशवीत घालून (तिच्या बारीक छिद्रांतून छोटे रेणू बाहेर जातात, कण आत राहतात) नीट शुद्ध करायला हवं, कारण याच भट्टीत एक छोटा निळा चमकणारा रेणूही तयार होतो आणि पुष्कळदा श्रेय कणांना जातं, प्रकाश मात्र त्या रेणूचा असतो. मी तीन दिवस पिशवीबाहेरचं पाणी बदलत राहते, आणि पहिल्या दिवशीचं फेकायचं पाणीसुद्धा निळं चमकतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. याची वाफ श्वासात जाऊन कायमची ॲलर्जी होऊ शकते, एकदा झाली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाला आता ही बाटली उघडायलाही परवानगी नाही. आमच्या कॉलेजात हूडचा पंखा बंद होता आणि आम्ही वीस जण उघड्या टेबलावर ईएन ओतत होतो, मास्क नाही, काही नाही.

परवा कॉलेजातल्या आमच्या सरांना निळ्या ट्यूबचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी लगेच विचारलं, पोरांसाठी इथे करता येईल का गं? म्हटलं, सर, रेसिपी आजच पाठवते, पण आधी तो पंखा. काल त्यांचा मेसेज आला, इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेलाय, मोटर बदलायला लागणार आहे.